शेवट कुणी पाहिलाय?

माझ्या वयाच्या माणसाला त्याच्या लहानपणच्या कुठल्याही सिनेमाची सुरुवात विचारा. पाट्या कुठल्या क्रमाने येतात इथपासून तो सांगेल. मध्यंतरापर्यंतची गोष्ट तर हातवाऱ्यांसकट, ढिशुम-ढिशुमसकट करून दाखवेल. शेवट मात्र विचारू नका. शेवट विचारलात की तो पंख्याकडे बघतो, ‘शेवटी काय, होतं सगळं नीट’ असं काहीतरी पुटपुटतो आणि चहा झाला का ते बघायला आत जातो.

‘शोले’चंच घ्या. 1975 चा सिनेमा. रमेश सिप्पींनी मुळात चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला पायांनी तुडवून मारतो. सेन्सॉर बोर्डाला ते पटलं नाही, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला धरून नेतात असा दुसरा शेवट करावा लागला. जगाला हे दोनच शेवट माहीत आहेत. आमच्या वाड्याला तिसरा माहीत आहे. सिनेमा सव्वातीन तासांच्या वर आणि व्हिडिओ कॅसेट ई-180, म्हणजे मोजून तीन तासांची. त्यामुळे आमच्याकडे शेवटची मारामारी ऐन रंगात आली की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि ‘खर्रर्र’ आवाज सुरू व्हायचा. ठाकूर नाही, पोलीस नाहीत. आमच्या हिशेबी गब्बर अजून मोकळाच आहे. आता ऐंशीच्या घरात असेल, गुडघे दुखत असतील, पण मोकळा आहे.

याला जबाबदार काय, तर भाड्याने व्हिडिओ आणण्याची पद्धत. केबलनंतर जन्मलेल्यांसाठी थोडं मागे जावं लागेल. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, पण आमच्या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावापर्यंत ते पोचायला पुष्कळ वर्षं गेली. पोचलं तेही ‘व्यत्यय’ ही पाटी सोबत घेऊनच. आठवड्याला एक मराठी सिनेमा, एक हिंदी. दोन्ही दूरदर्शनच्या मर्जीचे. नायिका दरीत लोंबकळत असताना मधेच बातम्या लागायच्या आणि कुठल्यातरी मंत्र्यांनी कुठल्यातरी कारखान्याचं उद्घाटन करेपर्यंत ती बिचारी तशीच लोंबकळायची. 1982 च्या दिल्लीतल्या एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत टीव्ही आला. त्यामागोमाग व्हीसीआर नावाचं यंत्र आलं, आणि आपल्याला हवा तो सिनेमा, हवा तेव्हा, घरी बसून पाहता येतो ही भयंकर बातमी गावात पसरली.

व्हीसीआर ही वस्तू विकत घ्यायची नव्हती, आणायची होती. ज्यांचं कुणी मस्कतला किंवा दुबईला होतं त्यांच्याच घरी ती कायमची असायची, वर भरतकामाचा रुमाल घालून. बाकीच्यांनी ती रात्रीपुरती आणायची. संध्याकाळी सातला यायची, सकाळी सातला जायची. सोबत रंगीत टीव्हीही यायचा. आणि भाडं रात्रीचं. इथेच घोळ झाला. आमच्याकडच्या माणसाला ‘रात्रभराचं भाडं’ असं म्हटलं की झोप हा त्याला तोटा वाटायला लागतो.

वर्गणी काढायचो. मोठ्यांना पाच रुपये, मुलांना अडीच, मांडीवरचं फुकट. परिणामी त्या रात्री वाड्यातली चौथीतली मुलंही मांडीवर बसून यायची.

सिनेमे ठरवायला ओट्यावर बैठक बसायची. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रकसुद्धा इतक्या तावातावाने मंजूर होत नसेल. अशा एका बैठकीचा वृत्तान्त मला पक्का आठवतो. मुलांना ‘मिस्टर इंडिया’ हवा होता, तो 1987 चा, तेव्हा ताजाच होता. आई, काकू आणि समोरच्या वहिनींना ‘लेक चालली सासरला’ हवा होता, कारण बरेच दिवसांत मनसोक्त रडायला मिळालं नव्हतं. माझ्या चुलत दादाच्या भांगापासून बुटापर्यंत मिथुन भिनलेला, त्याला ‘डिस्को डान्सर’शिवाय काही नको. आजीला देवाचा हवा. 1975 ला ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा बायका टॉकीजच्या दारात चपला काढून आत जायच्या, आणि सिनेमा म्हणजे तेवढा एकच, असं तिचं मत होतं. राहता राहिले तात्या. हे वाड्याचे मालक. त्यांनी ‘एंटर द ड्रॅगन’ सुचवला.

“तात्या, इंग्रजी?”

“पोरांच्या कानावर चांगलं इंग्रजी पडतं.”

“अहो, पण त्यात तो ब्रूस ली फारसं बोलतच नाही.”

“म्हणून तर समजतं.”

तासाभराच्या चर्चेनंतर सर्वानुमते असं ठरलं की सगळ्यांचे आणायचे. बाबांनी एका लग्नपत्रिकेच्या मागे हिशेब मांडला. सात ते सात बारा तास, तीन तासांचा एक सिनेमा, बारा भागिले तीन, चार. गणितात खोट नव्हती.

“आणि जेवण?” आईने विचारलं.

“बघता बघता.”

“आणि झोप?”

बाबांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिने विषयच सोडला. देवाचा सिनेमा मात्र बाराच्या हिशेबात बसेना. ‘देवाचा आपण सगळ्यात शेवटी लावू, पहाटेच्या वेळी,’ असं आजीला सांगून टाकण्यात आलं. आजीला वेळ फार पसंत पडली.

दुकानात गेल्यावर कळलं की ‘डिस्को डान्सर’ दुसऱ्या आळीत गेलाय. दुकानदार म्हणाला, “हा न्या. ‘अमर अकबर अँथनी’. त्यात एक हीरो होता, यात तीन आहेत. भाडं तेवढंच.” दादा रुसला, पण तिप्पट माल त्याच भावात मिळतोय म्हटल्यावर बाबांना नाही म्हणणं जमलं नाही.

व्हिडिओ यायचा तो लुनावरून. पुढे व्हिडिओवाला, मागे गोधडीत गुंडाळलेला टीव्ही मांडीवर घेऊन ऑपरेटर, त्याच्या गळ्यात रेक्झिनच्या पिशवीत व्हीसीआर. लुना वाड्याच्या बोळात शिरली की पोरं मागे धावत यायची आणि व्हिडिओवाला ‘लांब, लांब’ ओरडत यायचा. सामान उतरवून तो निघून जायचा आणि ऑपरेटर रात्रभर आमच्यात राहायचा. वय सतरा-अठरा, मागच्या खिशात कंगवा. त्याच्याखेरीज यंत्राला कुणी हात लावायचा नाही असा नियम. गावात तहसीलदाराशी अरे-तुरेत बोलणारे तात्या या पोराला ‘अहो ऑपरेटर’ म्हणायचे.

तरी तात्यांचा एक राग होताच. वाड्यात त्यांच्या घरी टीव्ही होता. चार पायांचा, लाकडी शटरचा, शटरला कुलूप असलेला. ब्लॅक अँड व्हाइट होता, पण त्यांनी काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद चिकटवला होता. वरची पट्टी निळी, मधली तांबूस, खालची हिरवी. आभाळ असेल तिथे निळं, गवत असेल तिथे हिरवं, असा त्यामागचा विचार. त्यामुळे बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं, गाल लाल आणि पदर कायम हिरवा दिसायचा. तात्यांचं म्हणणं, घरचा रंगीत टीव्ही असताना भाड्याचा कशाला?

“तात्या, यात खरे रंग असतात.”

“खरे रंग बघायचे तर खिडकीतून बघ की.”

असं म्हणून त्यांनी आपली आरामखुर्ची मुद्दाम जरा तिरकी लावली. टीव्हीकडे पाठ फिरवल्याचं दिसावं, आणि दिसायचंही बंद होऊ नये, अशी.

मग जोडणीचा सोहळा. ऑपरेटरने झाकण उघडून आतल्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला. चित्र आलं नाही. त्याने गंभीरपणे विचारलं, “कोरी नोट आहे का कुणाकडे?” बाबांनी दहाची करकरीत नोट दिली. त्याने ती आत सरकवून हेडवरून ओढली. नोटेच्या कडेला काळा पट्टा उमटला आणि पडद्यावर चित्र. नोट परत मिळाल्यावर बाबांनी ती उजेडात धरून पाहिली आणि बिनबोभाट वर्गणीत टाकली.

चित्र आलं, गेलं. आलं, गेलं. मागची वायर ढिली होती. वाड्यातल्या प्रत्येकाकडे यावर एक उपाय होता आणि प्रत्येकाने तो ओरडून सांगितला. शेवटी असं लक्षात आलं की वायर मी धरली की चित्र येतं, सोडली की जातं. ऑपरेटरने धरून पाहिली, दादाने धरून पाहिली, नाही. माझ्याच हातात काय ते होतं. आजीने माझी दृष्ट काढायचं ठरवलं आणि बाकीच्यांनी मला टीव्हीच्या मागे उभं करायचं ठरवलं. ‘मिस्टर इंडिया’ मी असा टीव्हीच्या पाठीमागून, वायर धरून ऐकला. माझ्यासमोर पडद्याऐवजी ओळीने बसलेला वाडा होता. त्यातल्या त्यात समाधान इतकंच की नायक अदृश्य झाल्यावर तो मला जितका दिसत होता तितकाच इतरांनाही दिसत होता.

दुसरा सिनेमा लागायच्या आधी ऑपरेटरला आपल्या पिशवीत दुसरी वायर असल्याचं आठवलं.

दूरदर्शन कुणासाठी थांबत नसे. व्हिडिओ थांबतो. या शोधाने चांगली चांगली माणसं बिघडली. पहिल्यांदा तात्या लघवीला उठले तेव्हा ऑपरेटरने आपणहून सिनेमा थांबवला. तात्यांना आयुष्यात इतका मान कुणी दिला नव्हता. त्यानंतर ते अर्ध्या अर्ध्या तासाने उठायला लागले. मग काकूंचं दूध उतू जायला लागलं, वहिनींना बाळ रडल्याचा भास व्हायला लागला. आणि थांबवलेलं चित्रही धड थांबत नाही. ते जागच्या जागी थरथरतं, वर पांढऱ्या रेघा धावतात. एकदा खलनायकाने नायकाच्या डोक्यावर दांडा उगारलाय आणि सिनेमा थांबलाय, कारण तात्या परसात. सगळा वाडा त्या थरथरत्या दांड्याकडे श्वास रोखून बघतोय. टेप खराब होऊ नये म्हणून पाचेक मिनिटांनी यंत्र आपलं आपण बंद पडतं, हे कुणाला माहीत नव्हतं. तात्या परत आले तेव्हा पडदा निळा आणि वाडा संतापलेला. “मारला का त्याला?” त्यांनी विचारलं. उत्तर कुणीच दिलं नाही.

पुढे पळवण्याची सोय हा दुसरा शोध. नायक-नायिका पावसात सापडली की बाबा खाकरायचे. नायिकेचा पदर भिजला की म्हणायचे, “पुढे घ्या हो जरा.” कल्पना अशी की पुढे घेतलं म्हणजे ते दिसणार नाही. पण पुढे घेतानाही चित्र दिसतच राहतं, फक्त आवाज जातो आणि वेग वाढतो. मघाशी जे सावकाश, सोज्वळपणे चाललं होतं ते आता तुफान वेगात, निःशब्द चालू व्हायचं. नायिका झाडामागून अशा काही धडका मारत यायची की काकू तोंडाला पदर लावायच्या. “अरे, मागे घ्या, मागे घ्या,” बाबा घाबरून म्हणायचे. मागे घेतल्यावर तेच सगळं पुन्हा एकदा दिसायचं. अशा रीतीने ज्या गाण्यापासून मुलांना वाचवायचं, ते आम्ही तीनदा पाहायचो, एकदा सरळ, एकदा पळतं, एकदा उलटं.

जाहिरातींचं तर बोलायलाच नको. भाड्याच्या कॅसेटमध्ये पडद्याच्या तळाला सरकती पट्टी असायची. ‘लेक चालली सासरला’मध्ये लेक सासरी रडतेय, आमच्या बायका इकडे रडताहेत, आणि अश्रूंच्या खालून बनियनची जाहिरात उजवीकडून डावीकडे चाललीय. काकू म्हणाल्या की तेवढं वाचून होईपर्यंत रडू थांबून जातं आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

तर, झोप. पहिल्या सिनेमाला मुलं जागी, म्हणून मुलांचा सिनेमा आधी लावलेला. पण वर्गणी मोठ्यांनी जास्त दिलेली असूनही जेवून सुस्तावलेले मोठेच आधी घोरायला लागायचे आणि मुलं बराच वेळ टक्क जागी. कुणी झोपलं तरी कबूल करायचं नाही. पाच रुपये भरलेला माणूस झोपत नाही, तो डोळे मिटून ऐकतो.

“तात्या, झोपलात?”

“छे. डोळ्यांना त्रास होतो उजेडाचा. ऐकतोय.”

“मग काय झालं आता?”

“व्हायचं काय? जे व्हायचं तेच.”

या ऐकण्यातून भलभलते प्रकार व्हायचे. माझ्या एका मावशीने ‘कयामत से कयामत तक’ असाच भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला. दोन वैरी घराण्यांतली मुलं पळून जातात आणि डोंगरावरच्या ओसाड जागी संसार मांडतात, ती चुलीपाशी धडपडते, तो लाकडं आणतो, इथपर्यंत मावशी जागी होती. पुढे तिचा डोळा लागला. ती दोघं तिथेच सुखाने नांदली असं तिने गृहीत धरलं. इतकंच नाही, तर आपल्या मुलीच्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी व्याही मंडळींना आग्रहाने थांबवून घेतलं. ‘फार गोड आहे हो, आपल्या मुलांनी बघण्याजोगा,’ म्हणून हाच सिनेमा लावला. मुलाकडचे दुर्दैवाने सगळे जागे राहिले. शेवटी मुलीला गोळी लागते आणि मुलगा सुरा खुपसून घेतो, तेव्हा खोलीत जी शांतता पसरली ती म्हणे लग्नाच्या तारखेपर्यंत टिकली. मावशी आजही म्हणते, “त्यांच्या कॅसेटमध्ये काहीतरी घोटाळा होता.”

बाबांची तऱ्हा आणखी निराळी. ते प्रत्येक सिनेमात थोडे थोडे जागे असायचे. सकाळी त्यांच्या डोक्यात सगळे मिळून एकच सिनेमा तयार व्हायचा, आणि तो ते ऑफिसात सांगायचे. त्या रात्रीनंतर त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: एका गरीब घरातली लेक सासरी जाते, सासू तिचा छळ करते, तेव्हा तिचा भाऊ हाताला घड्याळ लावून अदृश्य होतो आणि सासूच्या घरात शिरून कराटेने सगळ्यांना लोळवतो. ऑफिसातल्या कारकुनांनी दुकानात जाऊन हा सिनेमा मागितला. दुकानदाराने मिळवून देतो म्हणून सांगितलं. हा सिनेमा कुणीतरी काढायला हवा होता, याबद्दल आमच्या वाड्यातल्या बायकांमध्ये तरी दुमत नव्हतं.

एक अपवाद सांगून ठेवतो. 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’. त्याचा शेवट सगळ्यांना पाठ आहे. पण तो भाड्याच्या व्हिडिओमुळे नाही. पुढे टीव्हीवर तो इतक्यांदा लागला की झोपेचे सगळे तुकडे हळूहळू भरून निघाले.

हल्ली हे सगळे सिनेमे मोबाइलवर फुकट असतात. मध्यंतरी मी ठरवलं, आता एकेक शेवट बघून टाकायचे, वसुली करायची. रविवारी दुपारी जेवून बसलो आणि एक सिनेमा शेवटची वीस मिनिटं उरली असतील तिथून लावला. बायको म्हणाली, “अहो, असं शेवटापासून कुणी बघतं का?” तिला काय सांगणार. बरोबर जिथे खलनायकाचा अड्डा पेटतो तिथे डोळे मिटले. अड्डा पेटला की झोपायचं, हे शरीराला इतकं पक्कं शिकवून ठेवलंय की आता ते ऐकत नाही.

पण त्या रात्रीचं राहिलं. पहाटेपर्यंत चौथा सिनेमा कसाबसा संपला. म्हणजे कॅसेट संपली. सतरंजीवर माणसं उन्हात वाळत घातलेल्या पापडांसारखी पडली होती. कुणाचा हात कुणाच्या तोंडावर, कुणाची टाच दादाच्या मिथुन-भांगात. तात्या आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. जागा होतो मी आणि ऑपरेटर. मला सक्तीच्या वायरधारणेमुळे पाय दुखत असल्याने झोप लागत नव्हती, आणि ऑपरेटरला सातपर्यंत कॅसेटी गुंडाळून द्यायच्या होत्या. न गुंडाळता दिल्या तर दुकानदार दंड घ्यायचा. आणि हे यंत्र सिनेमा थांबवून गुंडाळायला गेलं की टेप खायचं. म्हणून चित्र चालू ठेवूनच मागे न्यायचं, असा त्याचा शिरस्ता.

इतक्यात आजी आली. ती आठ वाजताच जेवून आत झोपली होती. आता आंघोळ करून, हातात जपमाळ घेऊन, पाट मांडून ती टीव्हीसमोर येऊन बसली. “लागला का रे देवाचा?”

मी काही बोलायच्या आत ऑपरेटर म्हणाला, “लागतोय, आज्जी.” आणि त्याने बटण दाबलं.

‘अमर अकबर अँथनी’ शेवटापासून सुरुवातीकडे धावायला लागला. आवाज नाही. पडद्यावरून आडव्या रेघा. एक पाद्री, एक बँडवाला आणि एक म्हातारा शिंपी वेषांतर करून एका बंगल्यात नाचत होते. ते नाचत नाचत उलट्या पावली बाहेर पडले आणि तिघे तीन दिशांना पांगले. आजी बघत होती. शिर्डीच्या साईबाबांचं मंदिर आलं. समोर हात जोडून उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांतून दोन ज्योती निघाल्या आणि बाबांच्या मूर्तीत जाऊन मिळाल्या. आजीने डोळ्यांना पदर लावला. “डोळे वाहिले गं बाईने देवाला.”

मी तोंडात सतरंजीचं टोक कोंबलं.

नंतर दवाखाना. तीन खाटांवर तीन तरणेताठे पुरुष, समोर तीच बाई. तिच्या अंगातलं रक्त नळीतून वर चढलं, वरच्या बाटलीत गेलं आणि तिथून तिघांच्या हातांत उतरलं. हे सिनेमाच्या पाट्यांच्या वेळचं दृश्य, सरळ पाहिलं तर मुलगे आईला रक्त देतात. आजीला जे दिसलं ते दिसलं. “आई ती आईच,” ती म्हणाली आणि माळ ओढायला लागली. “स्वतः आंधळी, आणि रक्त काढून पोरांना देतेय.”

मग ते तिघे पाहता पाहता लहान झाले. झाडाची जमिनीवर पडलेली फांदी त्या बाईच्या डोक्यावरून उडून परत झाडाला चिकटली आणि बाईला दिसायला लागलं. आजीने ऑपरेटरकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. वाहिलेले डोळे देवाने परत दिले होते. गांधीजींच्या पुतळ्यापाशी बसलेल्या तीन पोरांजवळ मोटार उलटी येऊन थांबली आणि बाप त्यांना घेऊन गेला. आई घरात, तीन पोरं घरात, बाप घरात. नंतर बाप एकटाच उलट्या पावली बाहेर पडला, तुरुंगाच्या दारातून आत शिरला आणि कॅसेट ‘खट्’ करून थांबली.

आजीने जपमाळ कपाळाला लावली. “छान होता,” ती ऑपरेटरला म्हणाली. “रात्रभर काय ती तुमची मारामारी चालली होती. हा कसा नीट संपला. पोरं आईला भेटली, आईला डोळे आले.”

“आणि बाप तुरुंगात गेला, आज्जी,” ऑपरेटर म्हणाला.

“गेलाच पाहिजे. पोरांना पुतळ्याखाली बसवून जातं का कुणी?”

बोळात लुनाचा आवाज झाला. आरामखुर्ची करकरली. तात्यांनी आळस दिला, टीव्हीकडे पाहिलं, पडद्यावर मुंग्या. वाडाभर एकदम हालचाल झाली, जो तो उठून बसला आणि शेजारच्याला विचारायला लागला, काय झालं शेवटी? कुणालाच सांगता येईना. मग आजीनेच सगळ्यांना शेवट सांगितला. साईबाबांपासून तुरुंगापर्यंत. बाबा गोंधळून तात्यांकडे बघायला लागले.

“बरोबर सांगताहेत त्या,” तात्या म्हणाले. “मी ऐकत होतो ना. बाप आपण होऊन तुरुंगात जातो, तेवढं मला फार आवडलं.”